सत्तेचाळीस पासपोर्ट फोटो

२ जून
हिची कादंबरी छापून येणार. थ्रिलर आहे. फोटो स्टुडिओत काम करणारी मुलगी आणि तिच्या पाठी लागलेला माणूस. आठ वर्षं जेवणाच्या टेबलावर काहीतरी खरडत बसायची. मला वाटायचं, भिशीच्या मैत्रिणींना पत्रं. प्रुफं घरी आली आहेत. संकल्प : रोज वीस पानं तपासायची. प्रकाशनाला दहा मिनिटं बोलायचं. विषय : आमचं लग्न कसं जमलं. हमखास हशा. ही स्टुडिओत होती आणि तिला बघायला मी दर शनिवारी पासपोर्ट फोटो काढून घ्यायचो. सत्तेचाळीस फोटो. पासपोर्ट आजतागायत काढलेला नाही.

५ जून
पान २६. एक माणूस दर शनिवारी पासपोर्ट फोटो काढायला येतो. म्हणजे मी आलो. मुलीला फोन करून सांगितलं, तुझा बाप हिरो आहे. म्हणाली, पुढे वाचा.

८ जून
पान ७१. तिला या माणसाची भीती वाटते. डार्करूममध्ये फोटो धुताना त्याचा चेहरा पाण्यातून हळूहळू वर येतो आणि ती चिमटा टाकून मागे सरकते. अर्थात ही लेखिकेची चलाखी. पहिला संशयित नेहमी निर्दोष असतो. माझा संशय स्टुडिओच्या मालकावर.

९ जून
डोळे दुखत होते. दीड पान. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडली.

१२ जून
पान १३०. मालक सज्जन निघाला. तो माणूस आता तिच्या घरासमोर सायकलला टेकून उभा असतो. ती बस बदलते, तर आठवड्याभरात हा त्याही बसमध्ये. मी त्या बसमध्ये दोनदाच चढलो होतो. फार तर पाच-सहा वेळा. तिने बस बदलली, तेव्हा मला वाटलं, जुन्या बसमध्ये खिडकी मिळत नसेल.

१४ जून
संपली. खून नाही, पोलीस नाहीत. त्याच माणसाचं स्थळ येतं, घरचे म्हणतात चांगलं आहे, आणि ती हो म्हणते. याला थ्रिलर म्हणायचं? हिला स्पष्ट सांगितलं की शेवट पटत नाही, एवढी घाबरलेली मुलगी होकार कशाला देईल.
ही उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "तिला वाटलं, हो म्हटलं की निदान समोर उभा राहायचा थांबेल."
मग मी तो किस्सा सांगायचो तेव्हा हसायचीस कशी, असं विचारलं.
"सगळेच हसायचे," म्हणाली. "मी एकटी कशी गप्प बसणार?"

१५ जून
भाषणाचा कागद फाडला. मुलीला विचारलं, तुला माहीत होतं का. शाळेत असल्यापासून, म्हणाली. मग मला बोलली का नाहीस? म्हणे, तुम्ही इतके खुशीत सांगायचात, बाबा.
संकल्प : माफी मागायची. उद्या, चहा झाल्यावर.

१६ जून
चहाला शेजारीण आली. राहिलं.

१९ जून
मोरीचा नळ दुरुस्त केला. न सांगता. ही बरं म्हणाली. माफीला सुरुवात झाली असं धरायला हरकत नाही.

२३ जून
हरकत आहे. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. हिने मागे वळून न बघता विचारलं, काही हवंय का. पाणी, म्हणालो. तहान नव्हती.

२८ जून
प्रकाशन झालं. मी खुर्च्या मांडल्या. दोन शब्द बोला म्हणाले, तर घसा बसलाय असं सांगितलं. शेवटच्या रांगेत बसलो. प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं, त्या माणसाचं पुढे काय होतं?
ही म्हणाली, "काही नाही. म्हातारा होतो. ब्लडप्रेशरच्या गोळीची आठवण करावी लागते."
सभागृह हसलं. मीही हसलो, थोडा उशिरा. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही लेखिकेचे कोण?
म्हणालो, प्रुफं तपासली आहेत.