फॉर्म भरा, सात मिनिटांत सॉफ्टवेअर

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कंपन्यांच्या सुरुवातीच्या दिवसांची नोंद कुणी ठेवत नाही आणि मग लोक मनाने काहीही लिहितात. आपल्या बाबतीत तसं व्हायला नको.
अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडून तीन महिने झाले. अठरा वर्षं त्यांच्या स्टोअरचा कॉम्प्युटर सांभाळला. निरोपाला एक पेन दिलं. त्याच पेनने लिहितोय.
'क्षणात' आज सुरू. जागा नाशिकच्या सिडकोत, पिठाच्या गिरणीच्या वरची खोली. कल्पना साधी आहे, म्हणूनच कुणाला सुचली नाही. दुकानदाराने आपल्या वेबसाइटवर चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा. मशीन तो वाचणार, त्याच्यापुरतं सॉफ्टवेअर आपोआप बनवणार आणि सात मिनिटांत त्याच्या मेलवर लिंक. मध्ये माणसाचा हात नाही.
संकल्प: रोज लिहायचं. चहा दोनदाच. कस्टमरशी फोनवर बोलायचं नाही. कधीच नाही.
११.३०. तिसरा चहा.

६ फेब्रुवारी, गुरुवार
स्टाफ एकच. सुहाना. वय चौतीस, दोन मुलं, जुन्या नाशकातून दोन रिक्षा बदलून येते. प्रोग्रॅमिंग तिचं, व्हिजन माझं.
पहिली ऑर्डर एका केकवाल्याची होती. मशीनचा पाया त्याच सॉफ्टवेअरवर घातला. सुहाना म्हणाली, सर, केकचं केकवाल्यालाच चालेल. मी म्हणालो, धंदा म्हणजे धंदा. माल येतो, माल जातो.
सात मिनिटांऐवजी सध्या दीड दिवस लागतोय. "तपासून पाठवते," म्हणते. तपासायचं काय, ते कळत नाही. बायकांना शंका फार.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १
नामपूरचे कांदा व्यापारी भिकनशेठ यांचा मेल. सॉफ्टवेअर एकदम झकास, गोणी, गाडी, प्रतवारी सगळं आमच्या पद्धतीने, तुमच्या मशीनला कांद्यातलं इतकं कसं कळतं?
मेल छापून भिंतीवर लावला. शुभांगीला व्हॉट्सॲप केला. ती ओझरला फॅक्टरीच्या ऑफिसात असते, दुपारी फोन बघते. तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा. नवऱ्याच्या यशाची ही किंमत.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आज सुहाना बावन्न मिनिटं फोनवर. मी घड्याळ लावलं होतं. पलीकडे कुणी टेम्पोवाला. "सकाळी उठल्यापासून काय काय करता, सांगा," असं विचारत होती. तो सांगत होता आणि ही वहीत लिहीत होती. वहीत! मध्येच हसत पण होती.
मी विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, सर, फॉर्ममध्ये लोक काहीही भरतात, विचारल्याशिवाय कळत नाही.
म्हणजे माझे चाळीस प्रश्न कमी पडतात. शांतपणे ऐकून घेतलं. उशीर मशीनमुळे होत नाही, हिच्यामुळे होतो, हे आज स्वच्छ दिसलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सायंकाळी ५.४०
सुहानाला आजपासून मोकळं केलं. मेल केला. ती समोरच बसली होती, पण अशा गोष्टी लेखी बऱ्या. मेलही मशीनकडूनच बनवून घेतला, चांगला झाला होता. 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा', शेवटी एक फूल.
तिने दोनदा वाचला. म्हणाली, "सर, ती वही ठेवून जाऊ का? सगळ्यांचं लिहिलंय त्यात." मी म्हणालो, ने तुझी तू. डबा पिशवीत घातला, खुर्चीवरचं पीठ पुसलं आणि गेली. अजिबात रडली नाही. म्हणजे तिलाही पटलं.
मग मशीनमधलं 'सगळं पुन्हा बनवा' दाबलं. तिने जिथे जिथे हाताने खाडाखोड केली होती ती सगळी गेली. सगळ्या कस्टमरना कोरं, शुद्ध, आपोआप सॉफ्टवेअर. छाती भरून आली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी १०.१५
इतिहास! पहिली संपूर्ण आपोआप डिलिव्हरी. सहा मिनिटं चाळीस सेकंद.
कस्टमर सोमनाथ, पंचवटी. रामकुंडाजवळ दहाव्याचं सामान देतात, गुरुजी ठरवून देतात. फॉर्ममध्ये 'व्यवसाय' या प्रश्नाला त्यांना आपलं काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी 'समारंभ' निवडलं. बरोबरच निवडलं. मशीन क्षणभरही अडखळलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
भिकनशेठचा फोन. घ्यायचा नव्हता, चुकून घेतला. म्हणाले, "दादा, हाई काय शे? कांदाले अंडं कसाले लागस?"
कांद्याची नोंद करायला गेलं की सॉफ्टवेअर विचारतं, अंड्याचा की बिनअंड्याचा. उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही. बाजार समितीच्या आवारात गाड्यांची रांग लागलेली आणि यांचा मुनीम दर गोणीला 'बिनअंड्याचा' दाबत बसलेला. लोक बघायला जमले म्हणे.
मी समजावलं की जास्त पर्याय असणं चांगलंच. त्यांनी त्या मॅडमना फोन द्या म्हटलं. मॅडम नाहीत म्हटल्यावर जे बोलले ते अहिराणीत होतं. सगळं कळलं नाही. बरंच झालं.
भिंतीवरचा मेल काढून ठेवला. ऊन लागत होतं त्याला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १२
सोमनाथ स्वतः जिना चढून आले. मोठा माणूस, हळू बोलणारा. मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "वाचा. मोठ्याने वाचा."
वाचलं. 'अभिनंदन! मल्हारी यांची ऑर्डर तयार आहे. दुकानातून घेऊन जावी. येताना ओळखपत्र आणावे.' शेवटी मेणबत्त्या.
झालं असं, की सोमनाथनी आपल्या दुकानाच्या वहीतली वर्षभराची नावं आणि फोन नंबर भरले आणि विधी झालेल्यांपुढे 'पूर्ण' लिहिलं. 'पूर्ण' लिहिलं की मेसेज जातो. एकसष्ट घरांत गेला. कुणाचा बाप, कुणाची बायको. एका घरी तर सहा वर्षांची मुलगी.
मी म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या मेसेज वेळेवर गेलेत. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. खाली गिरणी चालू होती, म्हणून ऐकू गेलं नसेल असं वाटून मी पुन्हा म्हणालो.

१ मार्च, शनिवार
चूक झाली तर मान्य करावी, असा माझा स्वभाव. मशीनकडून माफीचा मेसेज बनवून घेतला आणि एकसष्ट जणांना एका झटक्यात पाठवला. चार सेकंद लागले. हाताने केलं असतं तर आठवडा गेला असता.
सायंकाळी बघितलं तर मशीनने खाली एक ओळ घातलीय: 'आमच्या सेवेला किती तारे द्याल?'
दोघांनी पाच दिलेत. म्हणजे सगळेच काही नाराज नाहीत.

३ मार्च, सोमवार
सोमनाथ परत आले. या वेळी बसले नाहीत. कागदावर हाताने लिहिलेली यादी टेबलावर ठेवली. म्हणाले, "माझ्या दारात लोक येऊन रडतायत. आता मशीन नको. एकेकाला तुम्ही फोन करायचा, तुमच्या तोंडाने."
सायंकाळी शुभांगीला सांगितलं. ती मटार सोलत होती. मला वाटलं, म्हणेल, जाऊ द्या हो. तिने विचारलं, किती झाले फोन? म्हटलं, उद्यापासून. तिने यादी वाचली, पूर्ण, एकसष्ट नावं, आणि मटार तसेच टाकून आत गेली.

४ मार्च, मंगळवार
फोनचं काम सुहानाला जास्त जमेल. बोलायची सवय आहे तिला. तिलाही एक संधी मिळावी म्हणून तिच्या घरी गेलो.
बैठकीच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि ती वही. भिकनशेठचं सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्यासारखं करून झालं होतं. केकवाला सोडला तर सगळेच तिच्याकडे गेलेत. सोमनाथनाही कुणी तिचं नाव सांगितलं, त्यांचंही तिने कालच हाताने बनवून दिलं. चहा दिला, बिस्किटं दिली.
मी म्हणालो, परत ये, पद वाढवून देतो. ती म्हणाली, "सर, मशीनने एकही सॉफ्टवेअर बनवलं नव्हतं. रोज जे यायचं ते मी पुसायचे आणि पहिल्यापासून लिहायचे. तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."
मला आठवत नाही. मग यादी पुढे केली. तिने हातही लावला नाही. म्हणाली, "सर, हे तुमचं काम आहे." तेही सर म्हणून म्हणाली.

५ मार्च, बुधवार. सकाळी १०
फोन सुरू. बोलायचे मुद्दे लिहून घेतले. पहिल्याने 'राँग नंबर' म्हणून ठेवला. दुसऱ्याने शिव्या दिल्या, मुद्दे राहूनच गेले. तिसरा लागला नाही. चौथा बंद.

११.२०
पाचवा. भिमाबाई, पेठकडच्या पाड्यावरची. मल्हारीची आई. मी मुद्द्यांप्रमाणे सुरुवात केली. ती मध्येच म्हणाली, बरं झालं बाबा, फोन केलास, मी आले होते.
मेसेज शेजारच्या पोराने वाचून दाखवला. ऑर्डर तयार आहे, घेऊन जा. तिला वाटलं, मल्हारीचं काहीतरी राहिलं असेल दुकानात. त्याचं घड्याळ, नाहीतर अस्थीतलं थोडं काही. सकाळच्या एसटीने पंचवटीत आली. दुकान त्या दिवशी बंद होतं. पायरीवर बसून राहिली, शेवटची गाडी सुटायच्या वेळेपर्यंत. ओळखपत्र आणा म्हटलं होतं, म्हणून आधार कार्ड आणलं होतं. आपलं पण आणि त्याचं पण.
विचारत होती, "काय राह्यलं व्हतं रं त्याचं?"
काही नाही, म्हणालो. चुकून गेला मेसेज. माणसाने लिहिलेला नव्हता, मशीनने आपोआप लिहिला.
मी कागदावर पुढचा मुद्दा शोधला.
मग म्हणाली, "मंग त्या मशीनला सांग बाबा, मी यून गेले म्हणून. न्हायतर त्ये वाट बघंल."
मी हो म्हणालो.

१२.०५
यादी पाचव्या नावावरच आहे. शुभांगीने ओझरहून फोन केला. किती झाले, विचारलं. चाळीस, म्हणालो.