शेडमध्ये टांगलेलं सर्टिफिकेट

फूट्सक्रे,
१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय ओरेस्ते काका,

खूप खूप प्रेम. तुम्ही फोन उचलत नाही, आणि मेसेज तर कधीच वाचत नव्हता, म्हणून कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर लिविया काकूला वाचायला सांगा. पण तिच्या हातात देऊ नका, कागद थरथरेल. टेबलावर ठेवा. चष्मा नेहमीसारखा ब्रेडच्या डब्यावर असेल.

मी ठीक. ऑफिस ठीक. तुम्ही दिलेलं बेसिलचं रोप बाल्कनीत अजून जिवंत आहे, शपथ! आई म्हणाली यंदा टोमॅटो मस्त लाल निघाले, सॉसच्या दोनशे दहा बाटल्या झाल्या. मी नव्हते, म्हणून एकही फुटली नसेल.

आईने बोलावलं होतं मला. मी म्हटलं पोट दुखतंय. पोट दुखत नव्हतं.

गेल्या वर्षीचा सॉसचा दिवस आठवतो? तुम्ही टोमॅटोच्या मशीनचं हँडल फिरवत होता आणि मी ते सर्टिफिकेट घेऊन नाचत आले. अकाउंटंटची सही, शिक्का, सगळं. मी मोठ्याने वाचलं, "या कागदाप्रमाणे आमचे ओरेस्ते काका आता जाणकार गुंतवणूकदार आहेत!"

शेजारचा नेव्हियो ओरडला, "जाणकार? अरे, याला एटीएमला जाताना बायको लागते!"

"आणि पिन पण मलाच पाठ आहे," काकू म्हणाली.

तुम्ही हसलात, हात पुसले आणि तो कागद शेडमध्ये फवारणीच्या तक्त्याशेजारी खिळ्याला अडकवला. "असू दे. फ्लॉवरना कळू दे मालक कोण आहे." दिवसभर सगळे तुम्हाला "या, जाणकार", "बसा, जाणकार" करत होते. मला इतकं भारी वाटत होतं, काका. हा कागद असला तरच ज्या फंडात पैसे घालता येतात, तो फंड बिल्डरांना कर्ज द्यायचा, व्याज चांगलं द्यायचा. मी वर्षभर पॉडकास्ट ऐकून सगळं शिकले होते ना. श्रीमंत लोकांचा दरवाजा, आणि आपला माणूस आत!

तो कागद मिळायला दहा मिनिटं लागली होती. शेअर म्हणजे काय, हेसुद्धा अकाउंटंटने तुम्हाला विचारलं नाही. कौन्सिलच्या कराच्या नोटिशीवर जमिनीची किंमत बघितली, पंचवीस लाख डॉलरच्या वर आहे, एवढं पुरतं म्हणाला, सही केली. चाळीस वर्षं तुम्ही तिथे फ्लॉवर लावले, बाजूला घरं उठली, भाव चढला. तेवढ्यावर तुम्ही जाणकार.

आता बातमी. फंडाविरुद्ध केलेल्या तक्रारीवर तक्रार कार्यालयाचं उत्तर आलं. मी सतरा पानं पाठवली होती, तीनदा फोन केला होता. बाई खरंच चांगली होती. म्हणाली, "तुमचे काका साधे ग्राहक असते तर आम्ही हे घेतलं असतं."

मी म्हटलं, "ते साधेच आहेत हो. त्यांच्याइतका साधा माणूस आमच्या वेरिबी गावात नाही."

ती म्हणाली, "कागदावर नाहीत ना."

फंडाचं तेच जुनं. बिल्डरांनी कर्ज फेडलं नाही, पैसे काढणं बंद, कधी सुरू होईल माहीत नाही. फोन केला की गाणं लागतं. पाठ झालंय मला ते. परवा भांडी घासताना गुणगुणत होते, लक्षात आल्यावर नळ बंद करून नुसती उभी राहिले.

काकूच्या खोलीचं आईने सांगितलं. तिच्या गावची बोली बोलणाऱ्या नर्सेस असलेलं ते एकच वृद्धाश्रम, आणि डिपॉझिट या महिन्याअखेर भरायचं. साडेचार लाख. फंडात अडकलेत तेवढेच. "काकूला दोनेक वर्षांत खोली लागेल, तोवर बँकेत कशाला पडू द्यायचे?" हे तुमच्या स्वयंपाकघरात मीच बोलले होते. तोंडात तुमचाच केक होता.

बरं. जे लिहायला बसले ते अजून लिहिलंच नाही.

काका, त्या कंपनीचे दोन दरवाजे होते. साध्या लोकांचा वेगळा फंड होता. जाड माहितीपुस्तक, चौदा दिवसांत मन बदलायची मुभा, काही झालं तर तक्रार करायची सोय. साडेसहा टक्के. सर्टिफिकेटवाल्यांना साडेनऊ. पहिल्या दरवाजाबद्दल मी तुम्हाला सांगितलंच नाही.

आणि ती ओळ. फंडाच्या फॉर्मवर सही करताना तुम्ही बोट ठेवून विचारलं होतं, "दारिया, हे काय लिहिलंय?" मी म्हटलं, "काही नाही काका, नुसती फॉर्मॅलिटी आहे." तिथे लिहिलं होतं, साध्या ग्राहकाला कायदा जे संरक्षण देतो, ते मी सोडून देतोय. सगळ्यांना वाटतंय मला ते समजलं नव्हतं. आईसुद्धा म्हणते, पोरीला काय कळतंय. काका, मी वाचलं होतं. मला कळलं होतं. मला वाटलं, संरक्षण घाबरट लोकांना लागतं.

रविवारी मी आले होते. गेटपर्यंत. फ्लॉवरच्या ओळींपुढे ती विक्रीची पाटी बघितली. तुम्ही पाण्याचे पाइप हलवत होता, पाठ माझ्याकडे. मी गाडीतून उतरलेच नाही. एजंट म्हणतो सहा महिने लागतील. खोली तर पंधरा दिवसही थांबणार नाही. सहा महिन्यांनी त्या सर्टिफिकेटवर लिहिलेत तेवढे पैसे खरंच तुमच्या हातात असतील, आणि लावायला एक वाफा नसेल.

माझ्याकडे अकरा हजार आहेत. पाठवते. काय होणार त्याने, माहीत आहे मला.

आई म्हणाली सर्टिफिकेट अजून खिळ्यालाच आहे, कोणी हात लावला नाही. तुम्ही काढू नका, काका. मी येऊन काढेन. गेट उघडा म्हणत नाही. रागवायला तरी एकदा फोन उचला.

काकूला हे वाचून दाखवायला सांगितलं होतं ना, ते नको. तुम्हीच वाचा. सावकाश, बोट ठेवून.

तुमची,
त्या ओळीखाली साक्षीदार म्हणून जिची सही आहे ती,
दारिया