ऊन दाखवलेलं भिंग

२ सप्टेंबर

बुरशी काचेला लागते, तेव्हा ती नेमकं खाते तरी काय? आज पहिल्याच दिवशी काकांनी हे विचारलं आणि रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या मला उत्तर देता आलं नाही. काकांना केवढा आनंद झाला! तेव्हापासून मला पदवीधरबाई म्हणतात.

काका म्हणजे या दुकानाचे मालक. जुने कॅमेरे आणि भिंगं विकत घ्यायची, साफ करायची, विकायची. दुकान खाली, वर माझी खोली. एक दार, एक खिडकी, टेबल आणि दोन खाटा. दुसरी खाट धाकट्या बहिणीची. तिला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. ताई तिथे आहे, एवढ्याच भरवशावर बाबांनी हो म्हटलं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, पण शेवटची मला व्हायचं नाही. तिच्या खाटेवर पिवळी चादर घालून ठेवली आहे. हात लावेल तिथे कुरकुर करणारी मुलगी, चादरीला तरी नावं ठेवायला नकोत.

५ सप्टेंबर

काम आवडतंय. भिंगाच्या तोंडावरची कडी रबराने फिरवून सोडवायची, काचा निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडायच्या, कापसाच्या बोळ्याने मधून कडेकडे गोल गोल पुसत जायचं. मध्येच शिंक आली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. इथे रोग दोनच, जाळं आणि धुकं. जाळं म्हणजे बुरशी, केसाहून बारीक, पांढरी, फांद्या फुटलेली. धुकं म्हणजे काचेवर धरलेली साय.

आज काकांनी एक जुनं, जड भिंग माझ्या हातात ठेवलं. त्यात दोन्ही आहेत. कुणी तरी दुकानात टेकवून पैसेही न मागता निघून गेलं. काका पुसून पुसून कंटाळले. म्हणाले, आता हे तुझं, शिकायला. आणि पुसून नाहीच गेलं तर ऊन दाखव. गादीला दाखवतो तसंच. उन्हाने बुरशी मरते.

७ सप्टेंबर

दाखवलं ऊन. तोंड बाहेर करून खिडकीत ठेवलं आणि संध्याकाळी बघते तर काच लख्ख! काका मान हलवत राहिले. पदवी वाया गेली नाही म्हणाले. मी धाकटीला फोन करून पुन्हा पुन्हा तेच सांगितलं, शेवटी ती वैतागली.

समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी मात्र पुसट दिसते आहे. खिडकी पुसली, मग उघडून पाहिलं. तरी पुसटच. डोळे दाखवायला हवेत.

१० सप्टेंबर

डोळे ठणठणीत आहेत, असं चष्मेवाला म्हणाला. टाकीच्या जागी आता नुसता पांढुरका ठिपका आहे. दुकानाशेजारच्या शिंपीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, तिकडे बघू नकोस गं, बघितलं की डोळे चोळत बसावंसं वाटतं.

भिंगात जाळं परत आलंय. काकांनी खुर्चीत बसून ते उलटसुलट केलं, अगदी चेहऱ्याजवळ धरून बराच वेळ आत बघत राहिले. खाली ठेवलं तेव्हा काच स्वच्छ होती. मी टाळ्या वाजवल्या.

१२ सप्टेंबर

हे कसं लिहू?

काका खुर्चीत बसले होते. निळा शर्ट, हात, हातातला स्क्रूड्रायव्हर, सगळं नीट. मानेच्या वर साय. बोलले नेहमीसारखे, आज गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच का परततंय म्हणून चिडचिड केली. त्यांना सांगायला हवं होतं का?

ऊन दाखव म्हणतात. मी ऊन दाखवलं असं मला वाटलं. मी टाकी दाखवली. काकांनी स्वतःचा चेहरा दाखवला. धुकं जात नाही. समोर जे धराल त्यावर जाऊन बसतं. मग काच रिकामी होते, तिला पुन्हा जाळं धरतं, आणि पुन्हा काही तरी दाखवावं लागतं.

१३ सप्टेंबर

खुर्चीतून आवाज येतो. पदवीधरबाई, दिवा लावा म्हणतात. दिवा लागलेलाच आहे.

भिंग वर घेऊन आले. पिवळ्या चादरीत गुंडाळून टेबलावर ठेवलं आहे.

१४ सप्टेंबर

चादर नाही. भिंग उघडं, तोंड दाराकडे. दाराच्या जागी पांढरं. हात घातला. गार, ओलसर. कोपरापर्यंत गेला, कडी लागली नाही, फळी लागली नाही. बाहेर काढला तर बोटांची टोकं पुसट.

घाबरून भिंग खिडकीकडे वळवलं. किती मूर्ख मी. आता खिडकीही—

१५ सप्टेंबर

पालथं ठेवलं तर फरशी जाते. आपटलं. कडेचा टवका उडाला, बाकी जसंच्या तसं. आता ते आधीसारखं थांबत नाही. जाळं बघता बघता भरतं. भिंतींचे कोपरे नाहीत. खालून काकांचा आवाज येत नाही.

धाकटीचा फोन आला. येऊ नकोस म्हटलं. भिंगाचं सांगितलं, ते तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"ताई, तू आहेस म्हणून बाबांनी सोडलं मला. आता तूच नको म्हणालीस तर ते मला पुन्हा पाठवतील का कुठे?"

मी काही बोलणार तेवढ्यात फोनची काच—

१६ सप्टेंबर

ती निघालीच असेल. मला माहीत आहे, ती ऐकणारी नाही. माझीच बहीण.

दार मला दिसत नाही. तिला बाहेरून दिसत असेल. ढकलून आत येईल आणि भिंगासमोर पहिली तीच—

त्याला आधी काही तरी दाखवायला हवं. खोलीत काय उरलंय? टेबल. ही वही. मी.

१७ सप्टेंबर, सकाळी

जिन्यावर पावलं. बॅग पायरीपायरीवर आपटते आहे. तीच.

भिंग मी माझ्याकडे वळवलं. मघाशीच. डोळ्यापाशी घट्ट धरून आहे, खाली ठेवणार नाही. जाळं विरत चाललंय. आतून इतकं स्वच्छ असेल असं वाटलं नव्हतं.

अक्षरं मला दिसत नाहीत, अंदाजाने लिहिते आहे. धाकटे, कॉलेज सोडू नकोस. बाबांना सांग, ताई कामावर आहे. भिंग माझ्या हातात आहे, माझा हात शोधू नकोस. ही वही घे आणि आल्या पावली परत जा. हाक मारलीस तर मी ओ देईन, पण वळून ब