तेल लावलेलं डोकं
मंगळवार, दिवे लागले तेव्हा

डोक्याला तेल लावून आनू नका, हे मला कोनी सांगितलं का? सांगितलं म्हने दवाखान्यातून, पोराच्या मोबाईलवर! मोबाईल त्याच्या खिशात, तेलाची बाटली माझ्या हातात.

माझी नात सुजाता. तिला कानात मानसं बोललेली ऐकू येतात. डॉक्टर त्याला स्किझोफ्रेनिया म्हनतात. आज तिच्या मेंदूत काय लाटा उठतात ते मशीनवर काढायचं होतं. म्हनून सकाळी खोबरेल चोळून घट्ट वेनी घातली. पोरगी परक्यांसमोर झिपरी कशाला जाईल?

तिथल्या ताईने डोक्याला वायरी चिकटवल्या, त्या घसरल्या. पुन्हा चिकटवल्या, पुन्हा घसरल्या.

"आजी, एवढ्या तेलात रेघा नीट येणार नाहीत. उद्या शाम्पू करून आणा."

म्हंजे उद्या परत उरनहून सीवूड्सला हेलपाटा. तेल माझंच, ओरडू तरी कोनावर?

पन खरा राग वेगळाच. ताईने सुजाताला विचारलं, "आत्ता आवाज येतायत का?" तर माझा पोरगा, तिचा बाप, तोच मधे, "नाय नाय, हल्ली कमी हायत." तुझ्या कानात येतात काय रे?

मग रिक्षात सुजाता मला म्हनते, "आजी, तू तेल लावत होतीस तेवढा वेळ कोनी बोललं नाय."

कार्टे, हे त्या ताईला सांगायचं ना! मशीनवर रेघा दिसतील, हे कसं दिसेल?

उद्या डोकं कोरडं करून नेईन. पन विचारलं की सुजातानेच बोलायचं. बापाने तोंड उघडायचं नाय. मी पन नाय.