लोखंड कुणी धरायचं

१९ एप्रिल
गळती शोधायला बोट ट्रेलरवरच पाण्याने काठोकाठ भरली आणि खाली रांगत खडूने खुणा केल्या. पत्रे जोडणारे सतरा रिव्हेट गळतात! गेल्या वर्षी नऊ होते. ताइस्तो शेजारी उभा. "किती म्हणालास?" असं तीनदा. सतरा रे बहिऱ्या, सतरा! अख्ख्या तळ्याने ऐकलं, माझ्या सख्ख्या भावाने नाही.

२२ एप्रिल
वेल्डिंगची बोट पाहून आलो. जुनी आहे, पण सलग पत्रा, एक रिव्हेट नाही. तीन हजार डॉलर. माझ्याकडे बावीसशे. तेवढ्यात रिव्हेटची नवीकोरी येते — पण दहा वर्षांनी तीही गळणार.

ताइस्तो म्हणाला, "रिव्हेट सैल झाला तर घरी ठोकता येतो. वेल्डिंगला चीर गेली की वेल्डर शोधत हिंडशील! आणि मी आहे की आतून लोखंड धरायला."

तेच तर नकोय मला.

२५ एप्रिल
कानाच्या डॉक्टरने ताइस्तोला विचारलं म्हणे — खाणीत होतात का, कारखान्यात? हा जन्मभर पोस्टाच्या खिडकीत! तिकिटं चिकटवून कुणाचे कान जातात?

जेवताना गंमत केली. आवाज न काढता नुसते ओठ हलवले. घाबरून कानातलं यंत्र चाचपत बसला. हसून हसून माझं पोट दुखलं. हेल्मी ताटावरून उठली. "लाज नाही तुला, वायनो." बायकोला विनोद कळत नाही, काय करणार.

२ मे
ठरलं. जुनी विकायची, आठशे आले की वेल्डिंगची घ्यायची. जुनी अर्धी त्याची आहे. विचारलं नाही.

३ मे
कागदावर लिहूनच दिलं — बोट विकतोय, नवीत मासे धरायला मी एकटाच जाणार. त्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "बरं," म्हणाला. कॉफी तशीच टाकून गेला.

सुटलो!

११ मे
मार्लिस नावाची मास्तरीण बोट बघायला आली. गळते, पण रिव्हेट ठोकता येतात, म्हटलं. "दाखवा मग." बोट पालथी घातली. बाहेरून एकाने हातोडा मारायचा, आत शिरून दुसऱ्याने रिव्हेटच्या शेपटाला लोखंड दाबून धरायचं. बाई म्हणाली, "मला मारून बघू दे. तुम्ही आत व्हा."

एकतीस वर्षं हातोडा माझ्याकडे. आत कधी गेलोच नव्हतो.

तिसऱ्या घावाला ओरडलो, थांबा! बाहेर कोण ऐकतंय? चार रिव्हेट झाले. रांगत बाहेर आलो तर बाई काहीतरी विचारत होती. नुसते ओठ हलताना दिसले.

आठशे दिले, बोट नेली.

१२ मे
कान अजून वाजतायत. चारच रिव्हेट होते.

एकतीस वर्षं, दर वसंतात. कधी नऊ, कधी वीस. तो आत, मी बाहेर, आणि वरून शिव्या — नीट धर, गाढवा! एकदाही म्हणालो नाही, यंदा मी जातो आत.

हेल्मीला सांगितलं.

१४ मे
आजपासून मासेमारी खुली. उजाडताच ताइस्तोच्या दारात गेलो. खिडकीतून दिसत होता — पाठमोरा, कॉफी ओतत. यंत्र टेबलावर काढून ठेवलेलं. मूठ दुखेपर्यंत दार ठोकलं. वळला नाही.