यादीत नुसतं ‘ट्रायलिस्ट’

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७
आजपासून रोज पाच मैल धावणार. वय चौतीस, म्हणजे बचावपटूचं ऐन उमेदीचं. पंधरा वर्षांत अकरा क्लबांकडून खेळलो. एकाला माझा मोह आवरला नाही की दुसरा मला सोडायचा, असाच त्याचा अर्थ. सध्या सासऱ्यांच्या कार्पेटच्या दुकानात आहे. तात्पुरता. अठरा महिने झाले.
बाहेर पाऊस. धावणं उद्यापासून.

५ फेब्रुवारी, बुधवार
आम्ही दुकानाच्याच वर राहतो. सासरे, मिस्टर लॉरी, खालून छताला काठी ठोकतात, मी उतरतो. आज म्हणाले, ग्रेगर, आता फुटबॉलचं खूळ सोड बाबा, सोमवारी पाटीवर ‘लॉरी आणि जावई’ रंगवून घेऊ. पाटीवर चढलो की संपलंच.
दुपारी देव धावला. इन्व्हरलॉडर रोव्हर्सच्या मॅनेजरचा फोन. त्यांचे दोन बचावपटू जायबंदी. शनिवारी ट्रायलिस्ट म्हणून येतोस का म्हणाला. म्हणजे एकच सामना, करार नाही, यादीत नावाच्या जागी ‘ट्रायलिस्ट’. शहाणा माणूस. माझं नाव छापलं तर मोठे क्लब मध्ये तोंड घालणारच.

८ फेब्रुवारी, शनिवार
जिंकलो, १-०. शेजारी दुसरा ट्रायलिस्ट होता, उंच, पेशाने सुतार. त्याला मी सांभाळून घेतलं. समोरच्या संघाचा विंगर, कडेने धावणारा, मला चकवून सहा वेळा पुढे गेला. मुद्दाम जाऊ दिला, दमवायला. कुंपणापलीकडून एकजण सारखा विचारत होता, अहो आजोबा, घरी सांगून आलात ना? लोकांना डावपेच कळत नाहीत.
पंचावन्नाव्या मिनिटाला मॅनेजरने बाहेर घेतलं. ठेवणीतला माल जपूनच वापरतात.

९ फेब्रुवारी, रविवार
पेपरात छापून आलं! ‘ट्रायलिस्ट बचावपटूने किल्ला लढवला. नव्वदाव्या मिनिटाला गोलरेषेवरून चेंडू परतवला.’ नव्वदाव्या मिनिटाला मी आंघोळ करत होतो, पण पेपरवाले आकड्यांत नेहमीच चुकतात.
सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं, पाटी राहू द्या, मी दुकान सोडतोय. त्यांनी शांतपणे चहा संपवला. बायको, कर्स्टीन, म्हणाली, आधी करार तरी हातात येऊ दे की. बायकांना धीर नसतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार
फोन नाही. करार टाइप करायला वेळ लागतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
मीच फोन लावला. म्हटलं, शनिवारचा ट्रायलिस्ट बोलतोय, बचावपटू. मॅनेजर म्हणाला, अरे राजा, आहेस कुठे, तुझा नंबरच हरवला होता, करार तयार आहे, नाव तेवढं भरायचंय. इतकं गोड माझ्याशी कुठलाच मॅनेजर बोललेला नाही. बसमध्ये सहीचा सराव केला.
क्लबच्या ऑफिसचं दार मॅनेजरनेच उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, आणि म्हणाला, अच्छा, तू होय. मग ओशाळून आत बसवलं, खिमा भरलेली गरम पेस्ट्री खाऊ घातली. सुताराचा नंबर तुझ्याकडे असेल का म्हणून विचारलं. होता. दिला. अर्ध्या तासात सुतार कामाच्या कपड्यांतच आला आणि त्याने सही केली.
मला रडू येत होतं. पेस्ट्री फार गरम आहे म्हणून सांगितलं.
निघालो तर मॅनेजर म्हणाला, थांब जरा, करारावर साक्षीदार लागतो. मग मीही सही केली, खाली पूर्ण नाव लिहिलं. ग्रेगर हॅल्डेन. त्याने नाव वाचलं, अक्षर लागेना म्हणून विचारलं, हॅल्डेनच्या स्पेलिंगमध्ये एल एकच ना?