काकाची गोष्ट नको

टाकावीरी बेट, ५ मार्च

प्रिय ओमोलोदादा,
सा. न. वि. वि.

आई बरी आहे. ओमेना मासे वाळत घातलेत, दिवसभर बगळ्यांना शिव्या देते.

पाण्याच्या भीतीवरची माझी पहिली गोळी फुकट गेली. दवाखान्यातल्या सिस्टर नेकेसांनी ती देऊन तासाभराने मला होडी उलटली तो दिवस सांगायला लावला. मी आपलं काका किनाऱ्यावर सांगतो तसं सांगितलं. पाणघोडा उठला, काकाने आपल्याला केसांना धरून ओढलं. तिथे सगळे हसतात, म्हणून मीपण हसले. सिस्टर नाडी बघून म्हणाल्या, की ही काकाची गोष्ट झाली, तुझी भीती झोपूनच राहिली. ती जागी झाली तरच गोळी तिला मवाळ करते.

माझी गोष्ट मी कुणालाच सांगितली नाहीये. मी ज्या रिकाम्या डब्यावर तरंगत होते, त्याला तू धरलं होतंस, आणि मी तुझी बोटं सोडवली. एकेक करून. तुझ्याबद्दल आहे, म्हणून विचारते. सांगू का? होडीत बसता येत नाही म्हणून शाळा गेली. आता एक तारखेला पाण्यापलीकडे म्बिटाला शिवणक्लासला पोचले नाही, तर तोही जाईल.

राग आला तरी पत्र लिही.
तुझी, आविनो

किसुमू, ११ मार्च

चि. आविनोस,
अनेक आशीर्वाद.

अगं माकडे, मला माहितीये! बोचकारलंस ते आठवडाभर चुरचुरत होतं. तेव्हा तू नऊ वर्षांची, मी चौदाचा धोंडा, मी तुलाही घेऊन बुडलो असतो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं होता. नंतर गेला.

सगळं सांग. माझं नाव घेऊन सांग. एक तारखेला मी न्यायला येतो, डोळे मिटून माझ्याशेजारी बस.

आईला नमस्कार, तुला एक टपली.
ओमोलो

म्बिटा, १ एप्रिल

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

तीन मंगळवार सांगितलं. पहिल्यांदा उलटी झाली, सिस्टरनी पाठ चोळली, पण थांबू दिलं नाही. तिसऱ्यांदा सांगताना मला आठवलं, की तुझी बोटं सुटल्यावर मी तुला हाका मारत होते. हे काकाच्या गोष्टीत नाहीच.

विसरले काहीच नाही. आजही होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसले. होडीवाला म्हणाला, की उतरायचं तर आत्ताच उतर. मी म्हटलं, चालव. डोळे उघडे ठेवले.

तू दुपारच्या होडीने मला न्यायला बेटावर जाशील. जाऊ नकोस, मी तिथे नाहीये, म्हणून ही चिठ्ठी इथल्या धक्क्यावर होडीवाल्याकडे तुझ्यासाठी ठेवतेय. क्लासच्या दारात बसलेय. येताना कात्री आण.

माया आहेच, ती राहू दे.
आविनो